लाइट गेल्यावर : घरच्या जनरेटरचा मराठी इतिहास

पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात नवखा माणूस गुरुवारी गेला तर बऱ्याच कारखान्यांची फाटके बंद दिसतात. रविवारी मात्र तिथे पहिली पाळी रोजच्यासारखी भरते. यामागे कुठल्या देवाचा वार नाही की उपास नाही, विजेची टंचाई आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदमच चालू, हे वीज मंडळाला झेपेना. मग वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार सुट्टीसाठी वाटून दिले. पुण्याकडच्या वसाहतींना गुरुवार मिळाला. टंचाई पुढे वाढली, घटली, पुन्हा वाढली, पण गुरुवार काही हलला नाही. तिथल्या कामगारांच्या घरचे साखरपुडे आणि बारशी आजही गुरुवार बघून ठरतात.

कारखान्याला आठवडा फिरवून घेता येतो, घराला ती सोय नाही. दहावीच्या पोराचा अभ्यास, वरच्या टाकीत चढवायचे पाणी, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी फिरणारा पंखा, यांतले काहीच उद्यावर ढकलता येत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या घरांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत लाइट गेल्यावरची सोय स्वतःच्या पैशाने विकत घेतली, आणि ती पुन्हा पुन्हा बदलली. कंदील, गॅसबत्ती, रॉकेलवरचा जनरेटर, इन्व्हर्टर, सोसायटीचा डीजी (डिझेल जनरेटर) सेट असा हा क्रम आहे. त्यात एक गंमत आहे. कुठली वस्तू घ्यायची हे ती किती चांगली आहे यावरून फारसे ठरले नाही. लाइट किती वेळ जाते, किती वेळा जाते आणि सांगून जाते की न सांगता, यावरून ते ठरत गेले.

सुरुवात कंदिलापासूनच करायला हवी, कारण आधी कंदील हाच दिवा होता. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटावर अडवलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना उभा राहिला आणि त्यातून पुढे ‘प्रभाकर’ कंदील निघाला. ओगलेवाडी त्या वेळी औंध संस्थानात होती. त्याच संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. औंध म्हणजे नकाशावर इकडेतिकडे विखुरलेले चिमुकले संस्थान. पण मराठी मुलखाला लाइट नसताना लागणाऱ्या दोन वस्तूंची, कंदिलाची आणि इंजिनाची, मुळे तिथे सापडतात. उद्योगाला जागा देणारा राजा असला की काय होते, याचा हा नमुना आहे.

तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कात्रीने सारखी करायची, रॉकेल भरायचे आणि मग दिवा लावायचा, हे घरातले रोजचे काम होते. त्याला कोणी ‘बॅकअप’ म्हणत नव्हते. घरात बल्ब आल्यावर कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला आणि तिथून लाइट गेली की खाली येऊ लागला. म्हणजे वीज आल्यावरच त्याला दुय्यम दर्जा मिळाला.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, राज्य वीज मंडळ स्थापन झाले. त्याचा मोठा आधार होता कोयना. सह्याद्रीच्या पोटात, पोफळीला, जमिनीखाली वीजघर आणि वर शिवाजीसागर. त्या विजेवर राज्याच्या उद्योगांची स्वप्ने उभी होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, गाव जमीनदोस्त झाले. तिथली वीज बंद पडली आणि दूर मुंबईतल्या यंत्रांनाही थांबावे लागले. एका खोऱ्यातला धक्का सगळ्या राज्याच्या दिव्यांना लागू शकतो, हे त्या दिवशी कळले. तरी घरात जनरेटर घ्यावा असे तेव्हा कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. जनरेटर ही घरात ठेवायची वस्तूच नव्हती.

ती सार्वजनिक वस्तू होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याला खडकीत सुरू झाली आणि तिची डिझेल इंजिने विहिरींवर, उसाच्या गुऱ्हाळांवर, पिठाच्या गिरण्यांत पोहोचली. साताऱ्याचे कूपर इंजिन होतेच. गावात गिरणी चालू झाली की तिच्या धुराड्याचा पुक्‌पुक् आवाज शिवारापर्यंत जायचा आणि दळणाचे डबे घेऊन बायका निघायच्या. याच इंजिनाला पट्ट्याने डायनामो किंवा अल्टरनेटर जोडला की झाला जनरेटर. जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांनी तो वर्षानुवर्षे वापरला. इंजिनाची धडधड पडद्यावरच्या संवादांत मिसळू नये म्हणून ते तंबूपासून लांब उभे करायचे आणि तिथून वायर ओढायची. तमाशाच्या फडांबरोबरही जनरेटरची गाडी गावोगाव फिरू लागली. लग्नात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसे हळूहळू दिसेनाशी झाली आणि वरातीमागून ढकलगाडीवरचा जनरेटर येऊ लागला. मंडपवाल्याच्या पावतीवर खुर्च्या, गाद्या, स्पीकर यांच्याखाली ‘जनरेटर, ऑपरेटर व डिझेलसह’ अशी ओळ आली. अनेक गावांनी जनरेटर पहिल्यांदा पाहिला तो असा, भाड्याचा आणि चार दिवसांचा.

घरात तो शिरला १९८० च्या दशकाच्या अखेरीस. श्रीराम समूहाने जपानच्या होंडाशी भागीदारी करून रुद्रपूरला छोट्या जनरेटरचा कारखाना काढला. पाठोपाठ बिर्ला यामाहाही बाजारात आले. सुटकेसएवढे यंत्र, वर धरायला मूठ, दोन माणसांना सहज आणि एका दणकट माणसाला कष्टाने उचलता येईल एवढे वजन. डॉक्टरांचे दवाखाने, फोटो स्टुडिओ, एसटीडी बूथ, झेरॉक्सची दुकाने आणि मग बऱ्यापैकी पैसा असलेली घरे हे त्याचे गिऱ्हाईक.

या यंत्रांतला सगळ्यात मासलेवाईक प्रकार रॉकेलवर चालणारा. पेट्रोल महाग आणि रॉकेल स्वस्त, म्हणून भारतीय गिऱ्हाइकासाठी ही सोय. पण रॉकेल थंड इंजिनात पेट घेत नाही. त्यामुळे यंत्राला दोन टाक्या : पेट्रोलची लहान, रॉकेलची मोठी. आधी कॉक पेट्रोलकडे करायचा, चोक ओढायचा, एक पाय यंत्राच्या चौकटीवर रोवून दोरी झटक्याने खेचायची. नशीब चांगले असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला ते सुरू व्हायचे. मग चोक हळूहळू मागे, इंजिन तापेपर्यंत दम धरायचा आणि नंतर कॉक रॉकेलकडे. आवाज जरा जाड व्हायचा, धूर काळा आणि डोळ्यांना झोंबणारा. बंद करतानाही घाई करून चालत नसे. पुन्हा पेट्रोलवर घेऊन दोन-तीन मिनिटे चालवायचे, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरायचे आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ यायची. तशातही प्लगवर काजळी धरायचीच. तो पान्याने काढून पॉलिश पेपरने घासायचा, हे घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाचे खाते. रॉकेल कुठून आणायचे हा वेगळा प्रश्न. रेशनचे रॉकेल स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठी होते. ते जनरेटरच्या टाकीत कसे पोहोचायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक असे आणि कोणी विचारत नसे.

एवढ्या खटाटोपातून मिळायचे काय? साडेसहाशे व्हीएचा जनरेटर तीन ट्यूबलाइट, दोन-तीन पंखे आणि एक टीव्ही ओढायचा. क्रिकेटचा सामना किंवा रविवार सकाळची मालिका एवढ्यासाठी तो पुरेसा होता आणि बऱ्याच घरांत तो नेमका एवढ्यासाठीच घेतलेला असायचा. फ्रिज किंवा पाण्याची मोटर लावली की मात्र तो घुसमटायचा. इथे दुकानदाराने न सांगितलेली एक गोष्ट आडवी यायची. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण हजार वॉट घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी ती त्याच्या कितीतरी पट ओढते. चालणाऱ्या मोटरचा आकडा बघून जनरेटर घेणाऱ्यांची फसगत व्हायची ती इथे. मोटर गुरगुरायची, दिवे मंद व्हायचे आणि सगळेच बंद पडायचे. वाडीतल्या विहिरीवरची मोटर चालवायची तर दोन-अडीच केव्हीएच्या वरचे यंत्र हवे, हे ज्ञान कोकणातल्या अनेक घरांनी आधीचा छोटा जनरेटर विकून मिळवले.

तरीही विसाव्या शतकात हा सारा मामला हौसेचाच होता. गरज पडली ती पुढे.

एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची पुरी कहाणी इथे सांगायचे कारण नाही. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, त्याची वीज मंडळाला परवडेना आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या काळात राज्यात दुसरी मोठी वीजकेंद्रे पुरेशा वेगाने उभी राहिली नाहीत. मागणी मात्र थांबली नव्हती. पंप वाढत होते, शहरांत मॉल आणि एसी येत होते. जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या (लोक अजून ‘एमएसईबी’च म्हणतात) आणि नव्या कंपनीच्या वाट्याला पहिल्याच दिवसापासून हजारो मेगावॉटचा खड्डा आला. तो भरायचा एकच मार्ग हाताशी होता : भारनियमन.

त्यानंतरची सात-आठ वर्षे मराठी घरांच्या नीट लक्षात आहेत. वर्तमानपत्रांत भारनियमनाची वेळापत्रके छापून यायची आणि ती कापून फ्रिजवर चिकटवली जायची. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त त्या भागाला अंधार जास्त, असे फीडरवार, म्हणजे वीजवाहिनीनिहाय, गट पाडले गेले. गावाकडे बारा-बारा तास लाइट नसे. शहरांत सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास. मुंबई यातून सुटलेली. टाटांची वीजकेंद्रे आणि १९८१ मध्ये बसवलेली ‘आयलंडिंग’ची यंत्रणा, म्हणजे बाहेरची ग्रिड कोसळली की शहराला तिच्यापासून तोडून आपल्या विजेवर चालू ठेवण्याची व्यवस्था, यांमुळे मुंबईकराला लाइट जाणे ही गोष्टच फारशी माहीत नव्हती. पण त्या मुंबईतही एक भेग होती. मुलुंड-भांडुप पालिकेच्या हद्दीत असले तरी तिथली वीज महावितरणची. पालिकेचा कर मुंबईचा भरायचा आणि लाइट मात्र उर्वरित महाराष्ट्राबरोबर जायची, अशी तिथल्या लोकांची गत झाली.

आता लाइट जाण्याची तऱ्हा बदलली होती. पूर्वी ती कधीतरी आणि न सांगता जायची, आता ती रोज, घड्याळ लावून, दोन-तीन तास जाऊ लागली. रोज दोनदा दोरी ओढायला कोणाच्या खांद्यात बळ नव्हते आणि रोज लागणाऱ्या पेट्रोलला खिशात पैसे नव्हते. इन्व्हर्टरचा काळ आला तो यामुळे. ल्युमिनस, सु-कॅम, मायक्रोटेक ही उत्तरेकडची नावे मराठी घरांत ‘किर्लोस्कर’इतकीच ओळखीची झाली. इलेक्ट्रिकच्या दुकानांत बॅटऱ्या रचल्या गेल्या.

इन्व्हर्टर घ्यायचा म्हणजे काय, याचे एक चित्र त्या वर्षांत घरोघर सारखेच दिसायचे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली प्लॅस्टिकची ट्रॉली, तिच्यात काळी ट्यूब्युलर बॅटरी, वर इन्व्हर्टरचा डबा आणि त्याचा हिरवा-तांबडा डोळा. बॅटरीच्या झाकणांवर छोटे तरंगते निर्देशक. ते खाली गेले की पाच लिटरच्या कॅनमधले डिस्टिल्ड वॉटर ओतायचे. नळाचे पाणी ओतणारेही होते आणि त्यांची बॅटरी लवकर बसायची. स्वस्त इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’चे असत. त्यांच्यावर पंखा फिरताना घुंईई असा एकसुरी आवाज करायचा, ट्यूबचा चोक भणभणायचा. महागडे ‘साइन वेव्ह’वाले शांत. रात्री शेजाऱ्याच्या खिडकीतून येणाऱ्या पंख्याच्या आवाजावरून त्याने किती पैसे टाकलेत ते कळायचे.

हिशेब सोपा होता, तरी थोड्याच लोकांनी तो केला. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. त्यातली बरीच बॅटरीत आणि इन्व्हर्टरमध्येच खर्च होते. हाती येते ती धरून चालू बाराशे. सत्तर वॉटचे चार पंखे आणि चाळीसच्या चार ट्यूब लावल्या तर जेमतेम अडीच-तीन तास. शहरातल्या दोन-तीन तासांच्या भारनियमनाला ही बॅटरी चपखल बसत होती. आणि गावाला? लेड-ॲसिड बॅटरी पुरी भरायला दहा-बारा तास लागतात. जिथे लाइटच तुकड्यातुकड्याने दहा-बारा तास येते, तीही कमी दाबाची, तिथे बॅटरी कधी भरतच नाही. अर्धवट भरत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटा खराब होतात आणि चार-पाच वर्षे चालणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत भंगारात जाते. ज्यांना अंधार सगळ्यात जास्त होता त्यांनाच इन्व्हर्टर उपयोगी पडला नाही. जाहिरातीत ही ओळ अर्थातच नव्हती.

आणखी एक गोष्ट वीज कंपनीच्या लोकांना कळत होती, घरांना नव्हती. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. लाइट असताना तो ती साठवतो आणि साठवताना-काढताना काही वाया घालवतो. एका भागातली लाइट परत आली की त्या भागातल्या हजारो बॅटऱ्या एकदमच चार्जिंगला लागायच्या आणि जी मागणी कमी करण्यासाठी भारनियमन केले तीच थोड्या वेळाने, काहीशी फुगून, परत यायची. घरोघरचा शहाणपणा एकत्र केला की राज्याच्या ग्रिडला तो असा महागात पडत होता.

गावांनी आपापले मार्ग काढले. सिंगल फेज लाइट असताना थ्री फेजची मोटर चालवायला शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावले, ऑटो स्विच लावले, आणि डीपी, म्हणजे गावातली वीज रोहित्रे, जळू लागल्या. डीपी जळाली की आठ-पंधरा दिवस साऱ्या आळीला अंधार. वीज कंपनीने २००५-०६ च्या सुमारास अक्षय प्रकाश योजना आणली. गावाने संध्याकाळी पंप आणि गिरण्या बंद ठेवायच्या, बदल्यात घरांना दिव्यापुरती वीज अखंड. यंत्र विकत न घेता आपसातल्या कबुलीवर दिवा मिळवण्याचा हा प्रयोग आजच्या चर्चेत फारसा येत नाही. यायला हवा. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करण्याची कामे झाली आणि घरच्या दिव्याची विहिरीवरच्या मोटरशी बांधलेली गाठ पुष्कळ अंशी सुटली.

पण त्या काळातला सगळ्यात धाडसी प्रयोग पुण्याचा. शहराची तूट साधारण ९०-१०० मेगावॉटची होती आणि जवळपास तेवढ्याच ताकदीचे डिझेल जनरेटर पुणे-पिंपरीच्या कारखान्यांत उभे होते. उद्योजकांच्या संघटनेने, सीआयआयने, प्रस्ताव मांडला. कमाल मागणीच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवावेत, महावितरणची वीज घेऊ नये आणि ती वाचलेली वीज शहरातल्या घरांना द्यावी. डिझेलची वीज महाग, तिच्या वाढीव खर्चाचा भार जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी उचलावा. ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटाने त्याचे हिशेब तपासले, वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि २००६ च्या उन्हाळ्यात पुण्याचे भारनियमन थांबले. ग्राहकांच्या बिलात ‘रिलायबिलिटी चार्ज’ नावाची नवी ओळ आली.

हे घडत असताना पुण्यातल्या एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या घरी काय झाले, ते पाहण्याजोगे आहे. त्याला जनरेटर घ्यावा लागला नाही, पेट्रोल आणावे लागले नाही, धूर सोसावा लागला नाही. भोसरीच्या एखाद्या शेडमधला डिझेल जनरेटर त्याच्यासाठी धडधडत होता आणि त्याला तो ऐकूही येत नव्हता. घरपरत्वे एकेक यंत्र घेण्यापेक्षा हे स्वस्त आणि स्वच्छही होते. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मात्र तितकाच खरा होता. पैसे मोजू शकणाऱ्या शहराने अंधारातून आपली सुटका करून घेतली आणि शिरूर-इंदापूरच्या गावांत अंधार होता तिथेच राहिला. ‘पुणे मॉडेल’चे कौतुक करताना ही दुसरी बाजू सोडून देण्याची पुणेकरी सवय अजून गेलेली नाही.

त्याच वर्षांत उंच इमारती वाढल्या आणि घरचा जनरेटर सोसायटीचा झाला. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘लिफ्ट व कॉमन एरियासाठी जनरेटर बॅकअप’ ही ओळ ठळक अक्षरांत येऊ लागली. इमारतीच्या मागच्या अंगाला ६२.५ केव्हीएचा डीजी सेट, त्याला लाइट गेली की आपोआप सुरू करणारे एएमएफ पॅनल. लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकते, आत कोणीतरी दार वाजवते, आणि दहा-पंधरा सेकंदांत खाली घरघर सुरू होऊन लिफ्ट पुन्हा हलते. आवाजाबाबत केंद्र सरकारने नियम केले. नव्या डिझेल जनरेटरला आवाज कोंडणारे कवच हवे आणि एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा, हे २००५ पासून लागू झाले. धुराचे नियमही टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. त्यातला अलीकडचा टप्पा जुलै २०२३ चा. कवचबंद सेटला लोक ‘सायलेंट’ म्हणतात. ज्याच्या बेडरूमच्या खिडकीखाली तो उभा असतो तो म्हणत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत डिझेलचा खर्च मजल्याप्रमाणे वाटावा की सारखा, यावरून होणारी भांडणे हा या इतिहासाचा अजून न लिहिलेला भाग आहे. तळमजल्यावाल्याचा सवाल ठरलेला : ‘आम्ही लिफ्ट वापरतच नाही, तर डिझेल का भरायचे?’

पुढे राज्यात नवी वीजकेंद्रे आली, बाहेरून वीज घेणे सोपे झाले आणि २०१२-१३ नंतर वेळापत्रकाचे भारनियमन मागे पडले. एलईडी दिव्यांनी घरांची भूकही कमी केली. जिथे चाळीसची ट्यूब होती तिथे अठरा-वीस वॉटची पट्टी आली आणि जुनीच बॅटरी जास्त वेळ टिकू लागली. स्वयंपाकाच्या गॅसच्या उज्ज्वला योजनेनंतर रेशनचे रॉकेल आटत गेले आणि रॉकेलवरचे जनरेटर नावापुरते उरले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने भारनियमन थोड्या दिवसांसाठी परतले, तेव्हा तरुण मुलांना ती नवीनच गोष्ट वाटली.

लाइट जाण्याची तऱ्हा मात्र पुन्हा बदलली आहे. आता ती क्वचित जाते, पण गेली की कधी कधी दीर्घकाळ जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून नवे खांब ओढून नेऊन उभे करायला कित्येक आठवडे लागले. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच संपले. मंडपवाल्यांचे जुने जनरेटर गावागावांत फिरले. विहिरीचे पाणी टाकीत चढवायला आणि मोबाइल चार्ज करायला लोक रांगेत उभे राहिले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला, मुंबईची लाइट गेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या कोलमडल्या, आयलंडिंगची यंत्रणाही या वेळी शहराला वाचवू शकली नाही, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोविडची रुग्णालये डिझेलवर गेली. घरून काम करणाऱ्या मुंबईकराच्या घरात मात्र इन्व्हर्टरही नव्हता, कारण चार दशके त्याला तो लागलाच नव्हता.

आता छतावरच्या सोलरची भर पडली आहे आणि तिथेही गैरसमज ठरलेला आहे. ग्रिडला जोडलेले साधे सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होते, मग ऊन कितीही कडक असो. बॅटरी आणि तिला जुळणारा हायब्रिड इन्व्हर्टर नसेल तर छतावर पाच किलोवॉटचे पॅनल असूनही घरात अंधार. बिल कमी करण्यासाठी सोलर उत्तम आहे, पण लाइट गेल्यावरची सोय म्हणून ते घेतले असेल तर फसगत होते. आणि हे बंद होणे बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताखालची तार एखाद्या घराच्या विजेने जिवंत असू नये, यासाठी ती आहे.

घरच्या जनरेटरला ही अक्कल नसते, ती बसवणाऱ्याने घालावी लागते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये जोडण्याची पद्धत अजून चालते. त्या जोडणीतून वीज उलटी मीटरमधून डीपीकडे जाते आणि डीपीच्या पलीकडे तिचा दाब पुन्हा हजारो व्होल्टपर्यंत चढतो. पावसाळ्यात तार जोडायला आलेला माणूस तिथे काम करत असतो. सारांश, रोज तास-दोन तास लाइट जात असेल तर इन्व्हर्टर घ्यावा, वादळाच्या किनारपट्टीवर विहिरीची मोटर चालवायची असेल तर जनरेटर घ्यावा, तो अंगणात उघड्यावर चालवावा, पडवीत किंवा जिन्याखाली नाही, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो. आणि जे काही घ्याल, त्याच्या आधी घराच्या मुख्य बोर्डावर जाणकार वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. जनरेटरच्या किमतीच्या मानाने तो खर्च फार थोडा असतो.